काय म्हणाला तो?



आधीच एक गोष्ट सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी होतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री निबंध पाठ करायचा आणि पेपर झाला की विसरायचा, इतपतच. त्यामुळे "हल्ली पाहिलेल्या सिनेमांवर लिही ना काहीतरी, सोप्पं आहे" असं आमच्या संपादिकाबाईंनी मेसच्या रांगेत सांगितलं तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. पण मग लक्षात आलं की या वर्षात मी सिनेमे बरेच पाहिलेत, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक सिनेमात कुणीतरी मला एकच प्रश्न विचारलाय. "काय म्हणाला तो?" विचारणारी बहुतेक वेळा आजी. दोनदा मी स्वतः. तर हा लेख सिनेमांवर आहे आणि त्या प्रश्नावरही आहे. शुद्धलेखन तपासून घेतलंय. कुणाकडून ते पुढे येईलच.

सुरुवात 'स्थळ'पासून करते, कारण या वर्षातला माझा नंबर एक तोच. दिग्दर्शक जयंत सोमलकर. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ ला गाजला, आपल्याकडे थिएटरात यायला मार्च २०२५ उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, म्हणजे दिग्दर्शकाचं स्वतःचंच गाव, आणि काम करणारी माणसंही तिकडचीच, बहुतेकांनी याआधी कॅमेरा पाहिलेला नाही. गोष्ट म्हणाल तर एवढीच, की सविता नावाच्या शिकणाऱ्या मुलीला 'बघायला' माणसं येतात. पुन्हा येतात. पुन्हा येतात. तेच पोहे, तोच पाट, तेच प्रश्न. नाव काय, उंची किती, शेतातली कामं येतात का. सिनेमाची सुरुवातच भारी आहे. बायका बसल्यात आणि एका मुलाला समोर बसवून प्रश्न विचारतायत! थिएटरात सगळे हसले. शेवटाकडे तेच प्रश्न परत आले तेव्हा कुणी हसलं नाही.

माझी रूममेट चंद्रपूरची. आम्ही दोघी सबमिशनच्या आठवड्यात पळून जाऊन हा सिनेमा पाहिला (सर, माफ करा). ती पहिल्या दहा मिनिटांत रडायला लागली आणि मी इंग्रजी सबटायटल्स वाचत होते. मराठी सिनेमा, मराठी मुलगी, आणि खाली इंग्रजी वाचल्याशिवाय कळत नाही! तिकडची बोली माझ्या कानाला इतकी नवी होती की दोन वेळा मी तिला कोपराने ढोसून विचारलं, "काय म्हणाला तो?" तिने दोन्ही वेळा सांगितलं, पण तिसऱ्यांदा विचारू नकोस असा चेहरा केला.

मे महिन्यात घरी गेले. आमचं घर घोडबंदरला. ठाणेकरांना वाटतं घोडबंदर म्हणजे त्यांचा तो टॉवरवाला रस्ता. तसं नाही हो! त्या रस्त्याला ज्याचं नाव मिळालं ते गाव पार दुसऱ्या टोकाला, मिरा-भाईंदरच्या हद्दीत, वसईच्या खाडीकाठी आहे. पोर्तुगीजांच्या काळात इथे घोड्यांचा व्यापार चालायचा म्हणून घोडबंदर. किल्लाही आहे, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. आता घोडे नाहीत, कंटेनर आहेत. रात्री अवजड गाड्यांना मोकळीक मिळाली की गायमुखचा घाट उतरून अहमदाबाद हायवेकडे जी रांग लागते, तिचा आवाज आमच्या हॉलमध्ये कायमचा मुक्कामाला असतो. हे मुद्दाम सांगतेय, पुढच्या हिशेबात लागणार आहे.

घरी आजी असते. वय ७६, माहेर कुडाळजवळचं, शिक्षण सातवी. सिनेमाची भयंकर शौकीन. पण गेल्या दोन-तीन वर्षांत ती टीव्हीसमोर बसेनाशी झाली होती. बसली तरी पाच-पाच मिनिटांनी "काय म्हणालो गो तो?" मग पप्पा आवाज वाढवणार. मग मारामारी नाहीतर गाणं आलं की आजीच कानावर हात ठेवून म्हणणार, "बारीक कर रे तो, डोक्यात जाता!" मग पप्पा वैतागणार. घरातलं एकमत असं की आजीला हवं तेवढंच ऐकू येतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की तिला कळतं, बेल वाजली की कळतं, मग सिनेमातलंच कसं कळत नाही? लक्ष नसतं, दुसरं काय. हळूहळू आजी खोलीत पोथी घेऊन बसायला लागली. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

त्या सुट्टीत टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला होता. १९८८ चा. सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे. आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या लोकांचा तो तोंडपाठ आहे, त्यामुळे त्यावर मत देण्याचं धाडस करत नाही. पण झालं काय, आजी बाहेर येऊन बसली आणि अडीच तास हलली नाही. एकदाही "काय म्हणालो" नाही! दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप टीव्हीला जोडून चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' लावला (मराठी-हिंदी-गुजराती-इंग्रजी सगळं आहे त्यात, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, थिएटरात २०१५ ला आला). आजीने दहा मिनिटांत पोथी घेतली.

पप्पा म्हणाले, "बघ, आवडीचं असलं की ऐकू येतं."

मला ते पटलं, आणि पटलं नाहीही. 'कोर्ट' मला स्वतःला खूप आवडला. एका लोकशाहिरावर खटला भरलाय, त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला म्हणे. वीरा साथीदारांनी तो शाहीर केलाय. कॅमेरा एका जागी ठेवून दिलेला, माणसं लांबवर बसलेली, सरकारी वकील बाई कलमांमागून कलमं वाचतेय. आपण कंटाळावं अशीच योजना आहे, आणि त्या कंटाळ्यातच कुणाचं तरी आयुष्य जातंय. पण त्यात माणसं पुटपुटतात, पंखे घरघरतात, कागद वाजतात. खऱ्या कोर्टात असतं तसं सगळं.

आणि इथे माझ्यातल्या ईएक्सटीसीच्या विद्यार्थिनीला खाज सुटली. फरक आवडीचा आहे की आवाजाचा?

आपल्याकडचे जुने सिनेमे बहुतेक डब केलेले असायचे. म्हणजे शूटिंगच्या वेळचा आवाज टाकून द्यायचा आणि नटांनी नंतर स्टुडिओत, शांत खोलीत, माइकसमोर उभं राहून तेच संवाद परत म्हणायचे. त्यामुळे डोंगरावर असो की बाजारात, प्रत्येक शब्द कानाशी येऊन बोलल्यासारखा. २००१ च्या 'लगान'ने सिंक साउंड, म्हणजे सेटवरच ध्वनिमुद्रण करायची पद्धत आपल्याकडे गाजवली. अभिनयासाठी ते फार छान, आवाजात खरेपणा येतो. पण खरी माणसं तोंड फिरवून बोलतात, शब्द खातात, हे पण त्यात येतं.

दुसरी भानगड मिक्सिंगची. थिएटरात पडद्यामागे डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर असतात. (पडद्याला बारीक भोकं असतात, आवाज त्यातून येतो. पुढच्या वेळी अगदी जवळ जाऊन बघा, दिसतात!) बाजूच्या भिंतींवर आणि मागे आणखी स्पीकर, आणि धडामधुडुमसाठी एक वेगळा. यालाच फाइव्ह पॉइंट वन म्हणतात, आणि तो पॉइंट वन म्हणजे फक्त खालच्या सुरांचा. संवाद जवळजवळ सगळे त्या मधल्या स्पीकरमध्ये ठेवतात. संगीत डाव्या-उजव्यात पसरलेलं. आपला मेंदू हुशार असतो, आवाज वेगवेगळ्या दिशांनी आले की तो बरोबर निवडतो. मेसमधल्या गोंगाटात समोरच्याचं ऐकू येतं ते यामुळेच. आता हाच सिनेमा घरच्या टीव्हीवर आला की मधला स्पीकर कुठाय? नाहीच. मग त्यातले संवाद तीन-तीन डेसिबल कमी करून डाव्या आणि उजव्या दोघांत ओततात, जिथे संगीत आधीच बसलंय. व्हर्जिनला आरक्षण असलेल्या सीटवरून उठवून जनरलच्या डब्यात कोंबल्यासारखं. (व्हर्जिन नव्हे, नायिकेला म्हणायचं होतं. कॉन्व्हेंट!) दिशा संपली, निवड संपली.

त्यात आपले नवे टीव्ही. पूर्वीच्या डब्या टीव्हीचा स्पीकर समोर तोंड करून असायचा. आताचा टीव्ही वहीसारखा पातळ, मग स्पीकर जाणार कुठे? तो खाली किंवा मागे, तोंड भिंतीकडे. म्हणजे नायिका आपल्याशी नाही, भिंतीशी बोलते आणि आपण भिंतीकडून ऐकतो.

शिवाय थिएटरची यंत्रणा ८५ डेसिबलचा एक ठरावीक आवाज प्रमाण धरून जुळवलेली असते आणि त्याच्याही वर आणखी २० डेसिबलची जागा स्फोट-बिस्फोटांसाठी ठेवलेली असते. दर १० डेसिबलला शक्ती दहापट, म्हणजे २० ला शंभरपट, हे आपण फर्स्ट इयरला घोकलंय. त्या शांत, काळोख्या खोलीसाठी ठरवलेली कुजबुज घरात आणून सगळंच २० डेसिबलने खाली ओढलं, तर स्फोट ऐकू येतो पण कुजबुज पंख्याच्या खाली जाते. आमच्याकडे कंटेनरच्या खाली. आवाज वाढवला तर कुजबुज वर येते आणि स्फोट शेजाऱ्यांच्या घरात जातो. पप्पा-आजी-रिमोट हे जे आमच्याकडचं रोजचं नाट्य होतं त्याचं निम्मं कारण हे.

निम्मंच. कारण आम्हाला त्रास व्हायचा पण कळायचं. आजीला कळायचंच नाही.

आजीने मला एकदा स्वतःहून सांगितलं होतं, भाजी निवडताना. "माका ऐकाक येता गो, पण समजना नाय." मी "हं" म्हणून सोडून दिलं होतं. सेम फाइव्हला डीएसपीच्या लॅबमध्ये फिल्टर डिझाइनचं प्रॅक्टिकल होतं, तेव्हा ते वाक्य परत आठवलं आणि पोटात गोळा आला. कारण तिने अक्षरशः खरं सांगितलं होतं, तांत्रिकदृष्ट्या अचूक.

असं बघा. आपण बोलतो त्यात स्वर असतात आणि व्यंजनं. आ, ओ, ई हे दणदणीत असतात, त्यांची बहुतेक ताकद खालच्या भागात, साधारण हजार हर्ट्झच्या आत. स, श, फ, ख, ट, थ ही व्यंजनं मात्र बारीक, क्षणभराची, आणि त्यांची ओळख पटवणारा भाग बराचसा २००० ते ८००० हर्ट्झमध्ये. स्वरांमुळे आवाज 'ऐकू येतो', व्यंजनांमुळे शब्द 'कळतो'. टेलिफोनचा जुना बँडच ३०० ते ३४०० हर्ट्झचा, म्हणून फोनवर नाव सांगताना 'सफरचंदाचा स' म्हणावं लागतं. आणि वयानुसार कान जातो तो वरून जातो. आधी उंच सूर, मग हळूहळू खाली. कुकरची शिट्टी मोठी असते, बेल मोठी असते, ती पोचते. 'स' पोचत नाही.

मी माझाच आवाज रेकॉर्ड केला. 'सात', 'खात', 'हात', 'पात' असे शब्द एका सुरात म्हटले आणि २००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकलं. मग हेडफोन लावून ऐकलं. चारही वेळा काहीतरी 'आत' असल्यासारखं! रूममेटला ऐकवलं, ती म्हणाली कोणीतरी उशीत तोंड खुपसून बोलतंय. तिला ओळखायला सांगितले तर चारातले तीन चुकले.

एक आणखी गंमत, म्हणजे गंमत नाहीच. असा कान झाला की हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज मात्र आपल्याइतकेच मोठे लागतात. खालची फरशी वर आली, छत तिथेच राहिलं. मधली जागा चिंचोळी. म्हणून "काय म्हणालो?" आणि "बारीक कर!" यांच्यामध्ये फक्त दोन मिनिटं असतात, आणि दोन्ही खरी असतात. आणि आपण ओरडून बोललो तर जोर चढतो तो स्वरांवर, व्यंजनं तिथल्या तिथेच. म्हणजे आमच्या घरात इतकी वर्षं जे ओरडणं चाललं होतं ते तांत्रिकदृष्ट्या निव्वळ फुकट होतं.

गणपतीला घरी गेले तेव्हा आरतीनंतर पप्पांना हेडफोन दिला. बातम्यांचा एक तुकडा तसाच फिल्टर करून आणला होता. त्यांनी ऐकला. म्हणाले, "खराब आहे रेकॉर्डिंग." मी म्हटलं, "आजीला असं ऐकू येत असेल. रोज." ते काही बोलले नाहीत. हेडफोन काढून परत लावला आणि परत ऐकला. मग उठून आत गेले आणि आजीच्या शेजारी, तिच्या समोर तोंड करून बसले आणि हळू आवाजात विचारलं, "आये, मोदक घेतलंस?" आजी म्हणाली, "दोन खाल्लंय." बास, एवढंच झालं. पण मी जे चार महिने सांगायचा प्रयत्न करत होते ते झालं.

त्यानंतर तपासणी झाली. त्यात हेडफोन लावून २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर देतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. त्याचा ग्राफ निघतो. आजीचा ग्राफ मी पाहिला तर अगदी लो-पास फिल्टरचा रिस्पॉन्स! डावीकडे बऱ्यापैकी सपाट, उजवीकडे घसरगुंडी. फक्त मी लॅबमध्ये कापला होता तसा एकदम नाही, उतार होता. तपासणाऱ्या बाईंनी मला विचारलं, किती वर्षांपासून आहे हे? मला सांगता आलं नाही.

यंत्र यायला वेळ होता. मध्ये दसरा आला आणि 'दशावतार' लागला होता. सुबोध खानोलकरचा, १२ सप्टेंबर २०२५ ला आलेला. आजीला आम्ही मिरा रोडच्या थिएटरात घेऊन गेलो. काशिमिऱ्यापर्यंत ट्रॅफिकमध्येच अर्धा जीव गेला, पण वेळेत पोचलो. पप्पा म्हणत होते, तिला कळणार आहे का, पैसे वाया.

काय सांगू तुम्हाला! सिनेमा आहे कोकणातल्या बाबुली मेस्त्रीचा. म्हातारा दशावतारी कलाकार, नजर अधू होत चाललीय, मुलगा म्हणतो आता पुरे करा. दिलीप प्रभावळकर. म्हणजे चिमणराव, म्हणजे तात्या विंचू, म्हणजे मुन्नाभाईमधले गांधीजी, सगळे एकच गृहस्थ, आणि या सिनेमाच्या वेळी वय ८१! त्यांच्यासाठी तरी पाहाच. जंगल, खाडी, रात्रीची दशावताराची सोंगं हे मोठ्या पडद्यावर डोळे फाडून बघावं असं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर दुसरा भाग जरा लांबलाय आणि वाईट माणसं जरा जास्तच वाईट आहेत, दिसताक्षणी कळतं की हा वाईट. पण गोष्ट सांगत नाही, पाहायचा असेल कुणाला.

मुद्दा वेगळाच. त्यात मालवणी. झरझर. मी चाचपडत होते आणि शेजारी आजी हसत होती, माझ्या आधी! एका ठिकाणी थिएटर हसलं, आजी हसली, मीच राहिले, आणि तिच्याकडे वाकून विचारलं, "काय म्हणाला तो?" आजीने माझ्याकडे असं पाहिलं... आणि सांगितलं. मग मध्यंतरापर्यंत सांगतच राहिली. मागच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" केलं. ७६ वर्षांच्या, कानाने कमी झालेल्या बाईला सिनेमात भाषांतर करते म्हणून कुणीतरी गप्प बसवलं. आम्ही चौघंही हसलो.

का ऐकू आलं ते आता तुम्हीच सांगू शकाल. मधला स्पीकर समोर, पंखा नाही, कंटेनर नाहीत, चेहरे दहा फुटांचे त्यामुळे ओठ दिसतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ती बोली तिची. अर्धा शब्द आला तरी बाकीचा तिला माहीतच असतो. मला पूर्ण शब्द येऊनही काही कळत नव्हतं. तिने सांगितलं, लहानपणी जत्रेला रात्रभर दशावतार बघायची, पेटी आणि मृदंग, आणि संवाद लिहिलेले नसायचे, नट तिथल्या तिथे बोलायचे. मला २० वर्षांत हे माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

२०२५ च्या जुलैत आमच्या मिरा-भाईंदरमध्ये मराठीवरून मोर्चे निघाले, ते बातम्यांत आलंच. हॉस्टेलवर सगळे मला विचारायचे, "तू तिकडचीच ना? तुला येतं का नीट?" मी चिडायचे. येतं म्हणायचे. आजीच्या शेजारी त्या अंधारात बसून मात्र म्हणाले नसते.

परत आल्यावर मी विचार केला की खाली मराठीतच ओळी असतील तर? तिला ऐकू आलेलं पक्कं होईल, मला कळलेलं पक्कं होईल. पण नवीन मराठी सिनेमांना खाली ओळी असतात त्या बहुतेक इंग्रजी. आजी इंग्रजी वाचत नाही. म्हणजे ज्याला मराठी कळत नाही त्याची सोय आहे, ज्याला मराठी ऐकू येत नाही त्याची नाही. तेव्हा अहमदाबादच्या आयआयएममध्ये असलेले ब्रिज कोठारी १९९० च्या दशकापासून सांगतायत की टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी द्या, लोकांचं वाचन सुधारतं. आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ऐकू किंवा दिसू न शकणाऱ्या प्रेक्षकांसाठी थिएटरात काय सोयी हव्यात याचे नियमही काढलेत, टप्प्याटप्प्याने लागू करायचे. आमच्या हॉलमध्ये येईपर्यंत थांबायला मला धीर नव्हता.

घरी 'श्वास'ची डीव्हीडी होती. संदीप सावंतचा, २००४ चा, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्तम चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवून देणारा. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात, त्याच्या डोळ्यांना कॅन्सर आहे, आणि ऑपरेशन म्हणजे दृष्टी जाणार. अरुण नलावडे आणि छोटा अश्विन चितळे. आजीचा अत्यंत लाडका. मी ठरवलं, पहिली दहा मिनिटं आपणच करायची.

फाइल साधी असते, नोटपॅडमध्ये होते. ओळीचा नंबर, खाली सुरुवातीची वेळ आणि संपायची वेळ मिलिसेकंदापर्यंत, खाली मजकूर, मग एक ओळ रिकामी. प्लेअरला दिली की झालं. वाटलं, तासाभराचं काम. तीन दुपारी गेल्या! एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण चाळीस अक्षरं, सेकंदाला पंधरा-सोळाच्या वर गेलं तर वाचून होत नाही. आजोबा पटकन बोलले की मी घामाघूम. काय कापायचं? 'अरे' कापलं तर माया जाते. जोडाक्षरं मोजायची कशी यावर रूममेटशी फोनवर भांडण. आणि मी 'दृष्टी'चा 'दृ' लिहायला चक्क पाच मिनिटं कीबोर्ड शोधत बसले.

तपासायला आजी. चष्मा लावून, हातात पेन्सिल, लॅपटॉपच्या स्क्रीनवर टेकवते की काय अशी भीती. "हय दीर्घ होया." "हो 'ण' खयसून हाडलंस?" सातवी पास बाई, बावीस ओळींत एकोणीस चुका काढल्या. शाळेत ९० च्या खाली कधी आले नव्हते हो मी! (हा लेखही तिनेच तपासलाय. वरच्या त्या जनरलच्या डब्यातल्या वाक्यावर तिने "ह्या काय?" असं लिहून खाली रेघ मारलीय. मी ते तसंच ठेवलंय.)

दिवाळीत यंत्र आलं. शिवराज वायचळचा 'आता थांबायचं नाय' सगळ्यांनी घरीच पाहिला. मुंबई महापालिकेतले सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवरचा. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव. शेवटाकडे साखर थोडी जास्त पडलीय, पण मी आणि मम्मी मनसोक्त रडलो, आणि 'कोर्ट' पाहिलेला असेल तर हा जरूर पाहा, दोन्हींतले कामगार एकाच शहरातले आहेत. पप्पांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज 'डायलॉग'वर टाकला होता, पंखा एकवर. (आपल्या कॉमन रूमचा टीव्ही पण खिडकीपासून हलवता आला तर बघा कुणीतरी. रेक्टर मॅडम वाचत असतील अशी आशा.)

आजी यंत्राबद्दल फार खूश नाही. ते सगळंच मोठं करतं, कंटेनरसुद्धा. भांडी आपटल्यासारखी वाजतात म्हणते. सवय व्हायला काही आठवडे लागतात असं बाईंनी सांगितलंय. त्या दिवशी अर्ध्या सिनेमात बाहेर फटाक्यांची माळ लागली तसं तिने ते कानातून काढून डबीत ठेवलं आणि माझ्याकडे सरकून बसली.

"आता तू सांग," म्हणाली. मग मी सांगत राहिले, तिच्याकडे तोंड करून, हळू.